तिसऱ्या ओळीतला चपटा दाणा

संशय घ्यायला विद्याधररावांना कारण लागत नसे. दूधवाला हसून बोलला की दुधात पाणी आहे, रिक्षावाल्याने घासाघीस न करता भाडं कबूल केलं की तो लांबच्या रस्त्याने नेणार, आणि डॉक्टर ‘ठणठणीत आहात’ म्हणाला की काहीतरी गंभीर लपवतोय. त्यांची बायको शैला म्हणायची, “उद्या देव प्रसन्न झाला ना, तर तुम्ही आधी त्याचं आधार कार्ड मागाल!” शैलाला जाऊन चार वर्षं झाली. थट्टा करून संशय उतरवणारं माणूस गेलं आणि संशय तेवढा मागे राहिला, चांगला धष्टपुष्ट.

पण त्या शुक्रवारी पल्लावरमच्या बाजारात जे दिसलं, ते बघून तुमच्या-माझ्याही मनात पाल चुकचुकली असती. उगाच म्हाताऱ्याला नावं ठेवायला नकोत.

पल्लावरमचा शुक्रवारचा बाजार म्हणजे मोडक्या पंख्यापासून कबुतरांपर्यंत काय मागाल ते. त्यात एका ताडपत्रीखाली राममूर्तीचं जुन्या काचेचं दुकान. विद्याधरराव तिथे वीस वर्षं येत होते. साडेनऊला ते पोचले तेव्हा राममूर्ती उकिडवा बसला होता, एका हातात हिरव्या काचेची दाणेदार वाटी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. एकदा वाटीकडे बघायचा, एकदा मोबाइलकडे. विद्याधरराव मागून वाकले. मोबाइलवर फोटो होता, आणि फोटोत पण तसलीच वाटी. वाटीमागच्या भिंतीवर पिवळ्या फरशा, फरशांवर तपकिरी किटलीचं चित्र, आणि त्यातली एक किटली उलटी.

उलटी किटली! ती फरशी गवंड्याने उलटी बसवली म्हणून त्यांनी स्वतः त्याची अर्धा तास कानउघाडणी केली होती. ते त्यांचंच स्वयंपाकघर होतं.

“राममूर्ती,” ते तमिळमध्ये म्हणाले, “ही वाटी कुठली?”

राममूर्ती केवढ्याने दचकला! मोबाइल पालथा घातला, वाटी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मांडीआड सरकवली. “ती विकायची नाही, सर. एका मॅडमसाठी बाजूला ठेवलीय.”

“कुठल्या मॅडम?”

“आहेत एक. हे बघा, तुमच्यासाठी अननसाच्या नक्षीचा जग आणलाय.”

राममूर्तीने कधी एखादी वस्तू त्यांच्यापासून लपवली नव्हती. उलट गळ्यात मारायची घाई असायची. कुठेतरी पाणी मुरत होतं. तेवढ्यात एक बाई झुंबराचा भाव विचारायला आली, राममूर्ती उठला, आणि विद्याधररावांनी ते पुडकं उघडलं. डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती. वाटीच्या बाजूला साच्याच्या दोन भागांचा जोड असतो, त्याची बारीक रेघ अंगठ्याला लागते. ती रेघ सापडली. तिथून वरून तिसऱ्या ओळीत अंगठा सरकवला. एक दाणा, दोन, तीन, आणि चौथा चपटा.

 वाटी जशीच्या तशी गुंडाळून ठेवून ते बाजारातून बाहेर आले.

आता ह्या चपट्या दाण्याचं सांगायला हवं. विद्याधरराव मूळचे सांगलीकडचे. गिंडीच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं साचे बनवले. पत्र्याची झाकणं दाबून काढायचे साचे. जुन्या काचेचा नाद मात्र शैलाचा. तिला साधी काच नको असायची. “हाताला काहीतरी लागलं पाहिजे,” म्हणायची. दाणे, शंकरपाळ्यांसारखे चौकोन, अननसाची खवलं, लाटा. दर शुक्रवारी एकच वस्तू, हा तिचा नियम. ती नक्षी बघायची आणि हे जोड, बुडबुडे, तळाचे ओरखडे बघून खरं जुनं की जुनं केलेलं ते ठरवायचे. ह्या सहा हिरव्या वाट्या मैलापूरच्या एका मोडलेल्या बिऱ्हाडातून राममूर्तीकडे आल्या होत्या. सहाही वाट्यांना तिसऱ्या ओळीतला चौथा दाणा चपटा. “साचा तिथे दबला असणार,” विद्याधरराव हरखून म्हणाले होते, आणि शैलाने त्या दिवशी नियम मोडून सहाही घेतल्या. दर पाडव्याला त्यात श्रीखंड. पुढे हिरव्या दाणेदार वाट्या बाजारात कितीतरी दिसल्या, पण चपट्या दाण्याची एकही नाही.

नंगनल्लूरला घरी येऊन ते थेट काचेच्या कपाटापुढे उभे राहिले. पुढे तीन वाट्यांची चळत, मागे अंधारात दुसरी. खाली वाकून, चष्मा वर-खाली करून मोजल्या. मागच्या चळतीत दोन. म्हणजे पाच!

कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली शरण्याकडे.

शरण्या ही सून. मुलगा पुष्कर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. पहाटे सहाची कंपनीची बस पकडायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. दिवसभर घरात ही दोघंच. शरण्या तंजावरकडच्या मराठ्यांतली, पाचवी-सहावी पिढी. तिची मराठी ऐकताना विद्याधररावांना आपल्या पणजोबांची पत्रं आठवायची. ती सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणायची आणि पाठोपाठ ‘अय्यो’ही म्हणायची. शैलाला ती फार आवडायची. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात शैलाने उशाखालून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि शरण्याच्या हातात दिला. नवरा शेजारीच उभा होता, त्याच्या हातात नाही दिला. “हिच्याजवळ राहू दे,” एवढंच म्हणाली.

म्हणून तर ते त्या कपाटापुढे पाच मिनिटं तसेच उभे राहिले. शरण्या चोर निघाली तर शैला चुकली होती. आणि शैलाने मरताना ज्या माणसाच्या हाती त्यांना सोपवलं ते माणूसच खोटं असेल, तर ह्या घरात त्यांचं म्हणावं असं कोण उरलं? वाटी गेली तर गेली. पण हे जर गेलं असेल तर सदुसष्टाव्या वर्षी ते कुठे शोधायचं?

“मामंजी, कापी देऊं का?” आतून आवाज आला.

“नको,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कॉफीला नको म्हणाले असतील.

एकदा कावीळ झाली की मग काय, सगळं पिवळंच. त्यांना एकेक आठवायला लागलं. दिवाळीआधी त्यांना डेंग्यू झाला होता, पाच दिवस भान नव्हतं. त्यानंतर शरण्या आठ दिवस लंगडत होती. विचारलं तर “काच लागली” म्हणाली. कुठली काच? घरात काच कशी लागेल? मग मागच्या महिन्यात तिने विचारलं होतं, “मामंजी, ह्या वाट्या आतां मिळतात का हो कोठें?” हो, मिळतात का म्हणजे विकल्या जातात का! शिवाय ते फोन. स्वयंपाकघराचं दार लोटून, दबक्या तमिळमध्ये, “अण्णा, शुक्रवारी बघते, सरांना कळूं देऊ नका.” हे सर म्हणजे पुष्करचे साहेब असावेत असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. भोळेच की हो विद्याधरराव!

पण गडी साचेवाला होता. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ही गिंडीची शिस्त. साच्याचे दोन भाग नीट बसतात का ते बघायला त्यावर एक निळा लेप लावतात. जिथे टेकतं तिथे निळं उमटतं. तो लेप वाळत नाही आणि एकदा हाताला लागला की पाण्याला दाद देत नाही. हत्यारांच्या पेटीत त्याची एक जुनी ट्यूब होती. शनिवारी सकाळी शरण्या भाजीला गेल्यावर त्यांनी कपाटाच्या मुठीला, आतल्या बाजूने, बोटभर निळा लावला. आणि मग दुपारी आडवे होऊन घोरायचं नाटक केलं. नाटक करता करता खरीच झोप लागली, ते सोडा.

चार वाजता शरण्याने कॉफीचा पेला पुढे ठेवला. तिच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला निळं लागलेलं होतं.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

“कोण जाणे, मामंजी. साबण लावला, निघेना.” आणि हसली की हो ती! तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या. पण पुष्कर समोर असल्याशिवाय बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना मनातून अजून आशा होती की रविवार उजाडेपर्यंत ती आपणहून काही सांगेल.

ती काही बोलली नाही. रविवारी दुपारी तिघं जेवायला बसले. रसम, बटाट्याची भाजी, अप्पळाम म्हणजे आपला पापड. शरण्याने त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला तशी त्यांनी ताटावर हात धरला.

“पुष्कर, तुझ्या आईच्या हिरव्या वाट्या किती होत्या?”

“सहा,” पुष्कर म्हणाला आणि त्याने चटकन बायकोकडे बघितलं. म्हणजे हाही सामील!

“कपाटात पाच आहेत. सहावी पल्लावरमला राममूर्तीच्या मांडीखाली आहे. मी ह्या अंगठ्याने चाचपून आलोय. त्याच्या मोबाइलवर आपल्या स्वयंपाकघराचा फोटो आहे. कपाटाच्या मुठीला मी निळा लावला होता, तो काल हिच्या बोटांना होता.” आवाज चढत गेला. “आईने विश्वासाने किल्ल्या दिल्या, त्या घर विकायला? पैसे हवे होते तर माझ्याकडे मागायचे. तिच्या वाट्या बाजारात नेताना हात कापला नाही तुझा?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पुष्कर ताडकन उठला. “बाबा, तुम्ही काय बोलताय ते...”

“राहूं दे,” शरण्या म्हणाली.

तिने हातातला भाताचा डाव पातेल्यात ठेवला. बोटांकडे बघितलं, निळं अजून थोडं होतंच. मग ती आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. तो तिने त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि झाकण उघडलं. आत तमिळ वर्तमानपत्र, आणि त्यात हिरव्या काचेचे पाच-सहा तुकडे.

“तुम्हांस ताप होता, मामंजी,” ती म्हणाली. “तिसऱ्या दिवशी भाताची पातळ कंजी आणली, तर स्टीलच्या वाटीत नको म्हणालांत. ‘शैलाच्या वाटीत दे.’ मी कपाट उघडून दिली. तुम्ही मज शैला म्हणून हाक मारलीत. मग मीठ नाही म्हणून वाटी भिंतीवर फेकलीत. तुम्हांस तें आठवत नाही, हें मज ठाऊक. आठवूं नये म्हणूनच हें अस्कं सगळं लपवलं.”

“माझ्याच गळ्याची शपथ घातली हिने,” पुष्कर म्हणाला. “बाबांना कळलं तर ते स्वतःला कधी माफ करणार नाहीत म्हणाली.”

विद्याधररावांनी एक मोठा तुकडा उचलला. खरं तर नुसतं बघूनही कळलं असतं, पण त्यांचा अंगठा सवयीने जोडाच्या रेघेवर गेला. तिसरी ओळ. एक, दोन, तीन. चौथा चपटा.

आणि तेव्हा त्यांना समजलं. सहावी वाटी ही इथे, तुकड्यांत. मग राममूर्तीकडची सातवी. त्याच साच्यातली सातवी.

“राममूर्तीअण्णा अडीच महिने शोधतात,” शरण्या सांगत होती. “तीन वाट्या आणल्या त्यांनी. दाणा नीट होता, मी घेतल्या नाहीत. तुमच्या अंगठ्यास कळलं असतं. चपटा दाणा असेल तरच द्या म्हटलं. घरच्या वाटीचा फोटो नमुन्यास मीच दिला होता. शुक्रवारी त्यांनी सांपडल्या वाटीचा फोटो धाडला. तो दाणा रेघेपासून कितवा, तें काल कपाट उघडून मोजलं.”

आता हे ऐका. गिंडीच्या कारखान्यातली एक गोष्ट विद्याधरराव प्रत्येक लग्नामुंजीत सांगत. झाकणांवर पोचा यायचा, म्हणून साहेब प्रेसवरच्या माणसाला कामावरून काढायला निघाला होता. विद्याधररावांनी दहा झाकणं ओळीने मांडली. प्रत्येकावर पोचा त्याच जागी. “साहेब, माणसाचा हात चुकला तर दर वेळी वेगळ्या जागी चुकतो,” ते म्हणाले होते. “दर वेळी एकाच जागी चूक असेल तर दोष साच्याचा. माणसाला का बोल लावता?” त्या माणसाची नोकरी वाचली. शरण्या घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ही गोष्ट तिला सांगितली होती, ह्याच वाट्या पुढे ठेवून, तिचा अंगठा धरून त्या दाण्यावर फिरवून. ती विसरली नव्हती. एकतीस वर्षं साचे बनवणारा गृहस्थ मात्र साचा विसरला आणि माणसाला बोल लावून बसला.

 लाज वाटली, इतकी की त्यांना समोरच्या ताटाकडेसुद्धा बघवेना. त्यांची नजर खाली गेली ती शरण्याच्या पायावर. टाचेजवळ पांढरी, बोटभर लांब खूण होती. ती काच घरातलीच होती.

शरण्याने कमरेचा जुडगा काढला आणि डब्याशेजारी ठेवला. “ह्या आतां तुमच्याजवळच असूं द्या, मामंजी,” ती म्हणाली आणि उष्टी काढायला लागली.

पुढचे चार दिवस त्या घरात कुणी भांडलं नाही. शरण्या भांडली असती तर बरं झालं असतं. कॉफी वेळेवर यायची, जेवण गरम असायचं, ‘मामंजी’ही असायचं. पण आधी ती कॉफी देऊन दोन घटका समोर टेकायची, शेजारणीची नक्कल करून दाखवायची, ते बंद झालं. जुडगा कपाटाजवळच्या खिळ्याला लटकत राहिला. विद्याधररावांनी दोनदा तो तिच्या हाताशी नेऊन ठेवला. दोन्ही वेळा तो परत खिळ्यावर आला. मंगळवारी ते कसंबसं म्हणाले, “शरण्या, माझं चुकलं गं. फार चुकलं.” ती म्हणाली, “सरी, मामंजी.” तमिळमधलं ‘बरं’. त्यात राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं.

शुक्रवारी ते पल्लावरमला गेले. राममूर्तीने त्यांना बघताच पुडकं काढून समोर ठेवलं.

“घ्या सर. आता मॅडमना नकोय. काल फोन आला. म्हणाल्या, लपवायला काही उरलं नाही, सरांना विकायची तर विका.” मग तो थोडा घुटमळला. “अडीच महिने दर शुक्रवारी तुम्ही घरी गेल्यावर त्या यायच्या, सर. एकदा पावसात आल्या. मी म्हटलं, दाणा कोण बघतंय? तर म्हणाल्या, आमचे सर बघतात.”

विद्याधररावांनी वाटी घेतली. घासाघीस केली नाही, राममूर्तीने मागितले तेवढे पैसे दिले. आणि त्यात काही काळंबेरं असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही, हे नोंद घेण्यासारखं आहे.

घरी आल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी काढली आणि कपाटापुढे खुर्ची ओढली. जुनं, पितळी, पक्कं कुलूप होतं. शैलाने हौसेने बसवून घेतलेलं. एकेक स्क्रू सोडवत त्यांनी ते मुळासकट काढलं. किल्लीच्या भोकाची तेवढी पोकळी राहिली. मग मूठ धरून दार उघडलं, सातवी वाटी मागच्या चळतीत ठेवली आणि त्या बिस्किटाच्या डब्यातला चपट्या दाण्याचा तुकडा तिच्याजवळ, दिसेल असा ठेवला.

आवाजाने शरण्या बाहेर आली होती. कुलूप त्यांच्या मांडीवर होतं.

“आता किल्लीचं कामच नाही,” ते म्हणाले. “दोष कुणाचा ते तुला सांगायला नको. दर वेळी एकाच जागी चुकतो तो साचा मीच.”

ती त्यांच्या हातांकडे बघत होती. त्यांनी खाली बघितलं. मुठीचा निळा ते पुसायलाच विसरले होते. अंगठा, तर्जनी, तळहात, सगळं निळं झालं होतं, आणि आता ते कपाळाला आणि सदऱ्यालाही लागलं होतं. ते घाईघाईने न्हाणीकडे निघाले.

“पाण्यानं नाही निघत,” शरण्या म्हणाली.

ती आत गेली, खोबरेल तेलाची वाटी आणि एक फडकं घेऊन आली, आणि किती दिवसांनी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर टेकली.

“हात पुढें करा, मामंजी,” ती म्हणाली. “मज तीन दिवस लागले.”